उतरलेल्या किमतीतला नफा कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. बी. ए.ला अर्थशास्त्र हा त्याचा मुख्य विषय होता. पुढे पुण्यातीलच एका प्रवासी कंपनीत तो हिशेब पाहात असे. २०२० सालच्या टाळेबंदीत तो धंदा बसला आणि त्याची नोकरी गेली. चाळिशी गाठलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? वर्षभर इकडे तिकडे धडपड केल्यावर त्याने एक उद्योग सुरू केला. हंगाम सरला की मॉलमधील मोठी दुकाने उरलेला माल निम्म्या, कधी कधी तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीस काढतात. 'क्लिअरन्स सेल' अशी पाटी लागते. त्या दिवशी दुकान उघडताच हा तेथे हजर. एकेका वस्तूचा बारकोड मोबाइलवर टिपावयाचा, तीच वस्तू ऑनलाइन बाजारात काय भावाने जाते ते पाहावयाचे आणि दोहोंत पुरेशी तफावत दिसली की असतील तितके नग उचलावयाचे. घरी आणून ते पुन्हा नीट बांधावयाचे आणि ऑनलाइन बाजारात चढ्या किमतीस मांडावयाचे. अमेरिकेत ह्या व्यवसायास 'रिटेल आर्बिट्राज' असे भारदस्त नाव आहे.

चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, एकाच वस्तूच्या दोन बाजारांतल्या दोन किमती फार काळ टिकत नाहीत, कोणीतरी मध्ये पडून त्या जवळ आणतो, हे तुम्हीच शिकवलंत. तो मध्ये पडणारा आता मी आहे. मग आमच्या घरातलेच लोक मला काळाबाजारवाला का म्हणतात?"

उत्तर देणे मला वाटले तितके सोपे गेले नाही. कारण त्याच महिन्यात आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या बाईंनी एक वेगळीच हकीकत सांगितली होती. त्यांच्या मुलीला शाळेसाठी दप्तर हवे होते. चांगल्या कंपनीची दप्तरे एका मॉलमध्ये पाचशे रुपयांना लागणार असल्याचे त्यांनी ऐकले होते. महिनाअखेर होती. पगार हाती येताच, म्हणजे सेल लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी, त्या दोन बसगाड्या बदलून तेथे गेल्या, तो मांडणी रिकामी! पहिल्याच सकाळी कोणीतरी सारी दप्तरे उचलून नेली होती. "काका, पाटी लावतात आमच्यासारख्यांसाठी, आणि माल जातो टेम्पोतनं," असे त्या म्हणाल्या. तो 'कोणीतरी' माझा विद्यार्थी होता असे मी म्हणत नाही. पण नव्हताच, असेही मला म्हणता येत नाही.

हे दोघेही कष्ट करून पोट भरणारे आहेत आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. तरीही एकाच्या लाभात दुसऱ्याचा तोटा आहे. अशा वेळी ह्या दोघांपैकी एकाला दोषी ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि त्या तफावतीचा पैसा प्रत्यक्षात कोणाच्या खिशात जातो हे आधी पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

जुना गुन्हा, जुना वाद

बाजारातून माल उचलून तोच माल चढ्या भावाने फिरून विकणे, ही काही आजची युक्ती नव्हे. इंग्लंडमध्ये १५५२ साली झालेल्या कायद्याने हा सरळ गुन्हा ठरविला होता. धान्यासारखा जिन्नस एका बाजारात विकत घेऊन त्याच बाजारात किंवा त्यापासून चार मैलांच्या आत पुन्हा विकणारा शिक्षेस पात्र होई. आपल्याकडे कौटिल्याने व्यापाऱ्यांच्या नफ्याला मर्यादा घातलेली आढळते: ठरलेल्या किमतीवर स्वदेशी मालास शेकडा पाच आणि परदेशी मालास शेकडा दहा. शासनाने किमतीकडे लक्ष दिले पाहिजे ही कल्पना समाजवाद्यांच्याही फार पूर्वीची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इंग्लंडमधील तो कायदा १७७२ साली रद्द झाला. पुढे चारच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ॲडम स्मिथने अशा व्यापाऱ्यांविषयी लोकांना वाटणाऱ्या भीतीची तुलना चेटकिणींच्या भीतीशी केली. त्याचा युक्तिवाद असा की, धान्य मुबलक असताना ते विकत घेऊन टंचाईच्या दिवसांत विकणारा व्यापारी स्वतःच्या लाभासाठी का होईना, समाजाचे कामच करीत असतो. सुबत्तेचा साठा तो टंचाईच्या काळापर्यंत पोहोचवितो. रूढ न्यायातील उरलासुरला गुन्हाही १८४४ साली कायद्याने पुसून टाकण्यात आला. आमच्या काळातील किर्झनर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ सालच्या आपल्या ग्रंथात तर, इतरांच्या नजरेतून सुटलेली किमतीतील तफावत हेरणारी सावधता, हेच उद्योजकाचे खरे लक्षण मानले.

ही मते मी वर्गात तीसेक वर्षे शिकवली आणि त्यांतील सत्यांश आजही नाकारीत नाही. पावसाळा सरल्यावर सप्टेंबरात रेनकोट मातीमोलाने निघतात. ते घेऊन जो जूनपर्यंत सांभाळतो, घरातील जागा अडवतो, भांडवल गुंतवतो आणि जोखीम पत्करतो, त्याने पैसे मिळविले तर बिघडले कोठे? पुण्यातील मॉलमध्ये न खपलेली वस्तू भामरागडच्या किंवा देवगडच्या माणसास घरपोच मिळत असेल, तर ती वस्तू खरोखरच अधिक उपयोगाच्या जागी गेली. आमच्या लहानपणी दुपारच्या वेळी बोहारीण येई. स्टीलचे पातेले देऊन ती जुनी लुगडी नि विजारी नेई. ते कपडे निवडून, शिवून, धुऊन ती पुन्हा विकी. घासाघीस करताना आमची आई तिच्याशी तासभर भांडे, पण तिला नफेखोर म्हटल्याचे मला स्मरत नाही. तिचे श्रम डोळ्यांना दिसत होते.

तेव्हा फिरून विकणे हे स्वतःच पाप, असे मानावयाचे कारण नाही. ह्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी त्याला काळाबाजारवाला म्हणावे हे अन्यायाचे आहे. तो साठा दडवून ठेवीत नाही, खोटे बिल करीत नाही, छापील किमतीपेक्षा अधिक घेत नाही. कायदाही त्याच्या बाजूस आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच एका पुस्तकाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, प्रत एकदा विकली गेल्यावर ती पुढे कोणत्या किमतीस विकावी हे स्वामित्वहक्काच्या बळावर प्रकाशकाला ठरविता येणार नाही. आपल्याकडे २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने परदेशातून आणलेल्या अस्सल मालाच्या फेरविक्रीस व्यापारचिन्हाच्या कायद्याने प्रतिबंध होत नाही असे ठरविले. मालाची स्थिती बदललेली वा बिघडलेली असल्यास मात्र चिन्हाच्या मालकाला हरकत घेता येते.

रांग आणि पैसा

मात्र स्मिथच्या युक्तिवादात एक अट गृहीत धरलेली असते. माल कमी गरजेच्या जागेकडून अधिक गरजेच्या जागेकडे गेला पाहिजे. दप्तराच्या बाबतीत ते घडले काय?

दुकानदार सेल का लावतो? केवळ जागा मोकळी करावयाची म्हणून नव्हे. ज्याला घाई आहे आणि ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याच्याकडून हंगामात पूर्ण किंमत घ्यावयाची. ज्याला ती परवडत नाही पण जो थांबू शकतो, त्याला तीच वस्तू नंतर कमी किमतीत द्यावयाची, असे हे दुहेरी दर असतात. दुकानदाराचा हेतू धर्मादाय नसतो. परंतु त्याचा परिणाम म्हणून गरीब माणसाला चांगल्या वस्तूपर्यंत पोहोचण्याची एक वाट मिळते. तो आपल्या वाट्याचे मोल पैशाऐवजी वेळेने चुकवितो. तो थांबतो, चौकशी करतो, दोन बसगाड्या बदलून येतो, रांगेत उभा राहतो.

फेरविक्रेता नेमकी हीच वाट बुजवितो. जी वस्तू थांबण्याच्या तयारीवर वाटली जाणार होती, ती आता पुन्हा पैशावर वाटली जाते. पाचशेचे दप्तर तीन दिवसांनी त्याच पुणे शहरातील दुसऱ्या एका घरी नऊशे रुपयांस पोहोचते. तेथे राहणाऱ्यास ते घरपोच मिळाले ही सोय झाली, हे खरे. परंतु ती सोय ज्याला नऊशे देणे जड नव्हते त्याची झाली, आणि जिला पाचशेदेखील महिनाअखेरीस जमत नव्हते तिचे दप्तर गेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला बाजार कार्यक्षम झाला असे म्हणतात. ह्या कार्यक्षमतेत प्रत्येक रुपयाला एक मत असते, आणि ज्याच्यापाशी रुपये कमी त्याची मते कमी, ही गोष्ट पुस्तकातील आलेखात दिसत नाही.

हीच प्रवृत्ती कोठवर जाऊ शकते ते २०२० सालच्या मार्च महिन्यात जगाने पाहिले. अमेरिकेतील टेनेसी राज्यात हाच व्यवसाय करणाऱ्या दोघा भावांनी गावोगावची दुकाने पालथी घालून हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाच्या सतरा हजारांहून अधिक बाटल्या गोळा केल्या. काही बाटल्या तर त्यांनी सत्तर डॉलरपर्यंतच्या भावाने विकल्या. पुढे ऑनलाइन कंपनीने विक्री बंद केली, राज्याच्या महाधिवक्त्याने चौकशी लावली आणि उरलेला साठा त्यांना दान करून टाकावा लागला. आपल्याकडे त्याच महिन्यात, १३ मार्च रोजी, मास्क व सॅनिटायझर ह्या वस्तू १९५५ सालच्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणण्यात आल्या. आठवड्याभरात दोनशे मिलिलिटरच्या बाटलीस शंभर रुपये अशी कमाल किंमतही ठरली. म्हणजे स्मिथला प्रमाण मानणाऱ्या देशातही, गरज जिवावर बेतली की समाज 'चार मैलांच्या' जुन्या कायद्याकडे वळतोच. मग प्रश्न उरतो तो सीमारेषा कोठे आखावयाची हा. शाळेचे दप्तर ही जीवनावश्यक वस्तू नव्हे, हे म्हणणे ज्यांच्या घरात दोन-दोन दप्तरे आहेत त्यांना सोपे जाते.

वहीतला हिशेब

इतके सारे सांगून मी विद्यार्थ्याला म्हटले, "अरे, पाचशेचे नऊशे करतोस, तर चारशे रुपये तुझ्या पदरी पडत असतील!" तो हसला आणि त्याने पिशवीतून वही काढली. हिशेबनीसाची सवय, पै-पैची नोंद होती. दप्तरांचे त्याने सरासरी काढलेले आकडे वाचकांपुढे ठेवतो.

विक्रीची किंमत रुपये ९००. खरेदी ५००. राहिले ४००. त्यातून ऑनलाइन बाजाराचे कमिशन, ठरावीक आकार आणि पोहोचविण्याचा खर्च मिळून २१० रुपये ती कंपनी आधीच कापून घेते. वस्तू व सेवा कर खरेदीवरील कर वजा जाता ६०. तोही दुकानदाराने नोंदणी क्रमांक घालून बिल दिले तर, नाहीतर अधिक. खोकी, चिकटपट्टी, रिक्षाभाडे ३०. शिवाय विकलेल्या मालापैकी काही परत येतो. कोणी वापरून परत करतो, कोणी रिकामे खोके पाठवितो. तो तोटा वाटून घेतला की नगामागे ४०. शेवटी त्याच्या हाती राहिले साठ रुपये. ह्या साठांत त्याची सकाळची धावपळ आली, बायकोची रात्री बारापर्यंतची बांधाबांध आली आणि भांडवलासाठी तिचे दागिने गहाण टाकून काढलेल्या कर्जाचे व्याजही आले.

म्हणजे चारशे रुपयांच्या तफावतीतील निम्म्याहून अधिक रक्कम अशा एका धन्याकडे गेली, ज्याने दप्तर शिवले नाही, मॉलमधून निवडून आणले नाही, न खपण्याची जोखीमही घेतली नाही. पोहोचविण्याचे काम त्याने केले, ते मी नाकारीत नाही. त्याचे दाम त्याला मिळावे. पण बाकीची रक्कम आहे ती बाजारात उभे राहू दिल्याबद्दलची. जुन्या अर्थशास्त्रज्ञांनी जमिनीच्या मालकाला मिळणाऱ्या ज्या उत्पन्नाला खंड म्हटले, त्याच जातीची ही रक्कम आहे.

हिशेबाची वही येथेच संपत नाही. एका उत्पादक कंपनीच्या तक्रारीवरून ऑनलाइन बाजाराने २०२३ साली त्याचे खाते एका रात्रीत गोठविले. अस्सल मालाची बिले त्याच्यापाशी होती. ती त्याने पाठविली. उलट उत्तर आले ते यंत्राने लिहिलेले, आणि प्रत्येक वेळी तेच. कोणा माणसाशी बोलावयाची सोय नव्हती. विकलेल्या मालाचे पैसे चार महिने अडकून पडले आणि दोन खोल्यांच्या घरात एकशे चाळीस दप्तरांची थप्पी लागली. मुले तिच्यावर बसून अभ्यास करीत. न्यायालयांनी मान्य केलेला फेरविक्रीचा हक्क त्याच्या काय कामाचा? तो बाजारात उभाच नव्हता. दुसऱ्याच्या अंगणात उभा होता आणि अंगणाच्या मालकाने त्याला बाहेर काढले होते.

हे एकट्याचे दुखणे नव्हे. ह्या व्यवसायाचे माहेरघर जी अमेरिका, तेथील ॲमेझॉन कंपनीच्या प्रमुखाने भागधारकांना २०१९ साली कळविलेल्या आकड्यांप्रमाणे, कंपनीच्या बाजारातील मालाच्या विक्रीत इतर विक्रेत्यांचा वाटा १९९९ साली शेकडा ३ होता, तो २०१८ साली शेकडा ५८ झाला. ह्यालाच छोट्या माणसाची भरारी म्हणण्याची रीत आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने आणि सतरा राज्यांनी त्याच कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला, तेव्हा त्यात एक आरोप असा होता की, निरनिराळे आकार मिळून अनेक विक्रेत्यांना आपल्या विक्रीच्या जवळजवळ निम्मी रक्कम कंपनीला द्यावी लागते. कंपनीला हा आरोप मान्य नाही. परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत नऊशेतील दोनशे दहा पाहिल्यावर तो मला अविश्वसनीय वाटत नाही.

आपल्या देशात परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपन्यांना स्वतःचा साठा ठेवून ग्राहकास विकण्याची परवानगी न देता केवळ बाजार चालविण्यास मुभा देण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये हे नियम आणखी कडक करण्यात आले. बाजाराचा मालक तटस्थ राहील आणि लहान व्यापाऱ्यांचे रक्षण होईल, हा त्यामागील उद्देश. तटस्थतेचे काय झाले, तर जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगालाच ॲमेझॉन व फ्लिपकार्ट ह्या दोन मोठ्या बाजारांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश द्यावा लागला. काही पसंतीच्या विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, अशी तक्रार होती. दुसरीकडे सरकारने लहान विक्रेत्यास काय दिले? वस्तू व सेवा कराच्या २०१७ सालच्या कायद्याने ऑनलाइन माल विकणाऱ्यास पहिल्या रुपयापासून नोंदणीची सक्ती केली. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला त्यातून सवलत मिळावयास ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला. नाक्यावरच्या दुकानदाराला मात्र २०१९ पासून चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सक्ती नाही.

छापील किमतीची माया

ह्या प्रकरणात आणखी एक पात्र पडद्याआड उभे आहे. वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन आपल्याकडे १९९० साली आले. दुकानदाराने मनाला येईल तो भाव लावू नये, हा हेतू चांगला होता. परंतु ती कमाल किंमत किती असावी हे मात्र बहुतेक वस्तूंच्या बाबतीत उत्पादकावरच सोपविण्यात आले. त्यामुळे छतच इतके उंच बांधावयाचे की कोणाचेही डोके लागू नये, ही युक्ती रूढ झाली. त्या दप्तरावर पंधराशे रुपये छापलेले होते. पाचशेला विकूनही दुकान बुडाले नाही. नऊशेला घेणाऱ्यास सहाशे वाचल्याचा आनंद झाला. पंधराशेचा आकडा नसता तर ह्या दोन्ही किमतींकडे ग्राहकाने वेगळ्या डोळ्यांनी पाहिले असते. ज्या तफावतीवर फेरविक्रेता जगतो, तिची पहिली मुळे अशी कारखान्याच्या छपाईत आहेत. त्याने ती निर्माण केलेली नाहीत.

मग करावयाचे काय?

फेरविक्रीवर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदी आली की पोलीस येतो, हप्ता येतो आणि साठ रुपयांतील वीस तिकडे जातात. मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली अगदी साधी आहे. शालेय वस्तू, लहान मुलांचे कपडे, पावसाळी साहित्य, स्वयंपाकाची भांडी अशा नित्य गरजेच्या वस्तूंच्या सेलमध्ये पहिला आठवडाभर एका ग्राहकास दोनच नग, असा दंडक दुकानांनी पाळावा. महिन्याच्या अखेरीऐवजी पगारानंतरच्या आठवड्यात तो सेल लावावा. आठवड्यानंतर जे उरेल ते फेरविक्रेत्याने खुशाल न्यावे. ह्याने दुकानाचे काडीचे नुकसान होत नाही.

दुसरी गोष्ट शासनाची. शेतमालाच्या बाजारात शेतकरी नाडला जातो हे ओळखून महाराष्ट्राने १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा केला. आडत्याला परवाना घ्यावा लागला. वजनमाप, बाजारशुल्क, चुकाऱ्याची मुदत ह्यांना नियम आले. पुढे त्या समित्यांचे जे झाले त्याबद्दल मला काही सांगावयास नको, परंतु तत्त्व योग्यच होते: बाजाराचा कारभार बाजाराच्या धन्याच्या लहरीवर चालता कामा नये. आजच्या ऑनलाइन बाजारात मात्र जागेचा मालक, आडत्या, मापाडी आणि न्यायाधीश एकच आहे. कित्येकदा समोरच्या गाळ्यात बसलेला प्रतिस्पर्धीही तोच! म्हणून सर्व आकार मिळून विक्रीच्या किती टक्के कापले गेले ते प्रत्येक बिलावर छापणे, विक्रेत्याचे पैसे ठरलेल्या दिवसांत देणे, खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण देणे आणि यंत्राकडे नव्हे तर माणसाकडे दाद मागण्याचा हक्क देणे, एवढे तरी कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे. ग्राहकांसाठी २०२० साली ई-वाणिज्याचे नियम झाले; लहान विक्रेत्याच्या संरक्षणाचाही तसाच विचार व्हावा. ओएनडीसी ह्या नावाने २०२१ साली स्थापन झालेल्या खुल्या जाळ्याचा प्रयोग, कोणा एकाच्या अंगणाऐवजी सार्वजनिक रस्ता बांधण्याचा आहे. तो मनापासून चालविला गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे चळवळीची. ज्या १८४४ साली इंग्लंडने फेरविक्रीचा गुन्हा कायमचा पुसला, त्याच वर्षी डिसेंबरात रॉचडेल गावी विणकर व इतर कामगार मिळून अठ्ठावीस जणांनी लोणी, साखर, पीठ असा थोडासा माल घेऊन एक दुकान उघडले. घाऊक आणि किरकोळ किमतींत अंतर राहणारच, हे त्यांनी मान्य केले. फक्त ते अंतर कोणा व्यापाऱ्याच्या खिशात न जाता, ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत जाईल, अशी व्यवस्था त्यांनी लावली. आपल्या येथे १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि कुटुंबांचे गट एकत्र येऊन महिन्याचा माल घेऊ लागले. पहिल्या मार्गाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर शोधले. अनेक सहकारी भांडारे पुढे पुढाऱ्यांची कुरणे झाली, कित्येक बंद पडली, हे कटू सत्य विसरून चालणार नाही. परंतु औषध चुकीच्या हाती गेले म्हणून रोग खोटा ठरत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, कोठे काय स्वस्त निघाले आहे हे हेरण्याची तुझी नजर हेच तुझे खरे भांडवल आहे. ते साठ रुपयांसाठी कंपनीच्या दारात का ओततोस? दोनशे कुटुंबांचा एक गट बांध. त्यांना वर्षभरात काय लागेल त्याची यादी आधी घे. सेलमधून त्यांच्यासाठी माल उचल आणि नगामागे उघडपणे ठरलेला साठ-सत्तर रुपयांचा मेहनताना घे. दप्तर पाचशे सत्तरला त्या बाईंच्या मुलीपर्यंत पोहोचेल, आणि मधले दोनशे दहा कोणालाच द्यावे लागणार नाहीत.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पटतं. पण दोनशे घरं गोळा होईपर्यंत व्याज कोण भरणार?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. आमच्या सोसायटीतील आणि मागच्या वस्तीतील मिळून तेवीस घरे आतापर्यंत तयार झाली आहेत; स्वयंपाकाच्या बाईंनी त्यांतील नऊ आणली. तेवीस म्हणजे दोनशे नव्हेत आणि तेवढ्यावर एका कुटुंबाचे पोट भरत नाही. म्हणून तो अजूनही सकाळी मॉलच्या दारात उभा असतो. त्याला नावे ठेवण्यापूर्वी, उरलेली एकशे सत्याहत्तर घरे कोठून आणावयाची, ह्याचा विचार प्रत्येक शहरातील आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या आळीपुरता करावा, एवढीच विनंती आहे.